शंभर पट

गावाचं नाव लिहायचं स्लॅथवेट, म्हणायचं स्लॉविट.
उरलेली अक्षरं, शेजारचा बूथरॉयड म्हणतो,
कालव्यात पडली.

एकतीस वर्षं हडर्सफील्डच्या इस्पितळात
मी माणसांचे काप काढले.
मेणात बसवलेला नखाएवढा तुकडा,
पात्याखालून सुटणारी चार मायक्रॉनची फीत,
कोमट पाण्यावर सुरकुती न पडता तरंगायला हवी.
मग काच. मग जांभळा रंग, मग गुलाबी.
निदान डॉक्टरांचं.
रंग नीट चढलाय का, एवढंच बघायची मला मुभा.
पण डोळा कुठे मुभा मागतो?
कितीदा अहवालाआधीच कळलेलं असायचं,
आणि संध्याकाळच्या बसमध्ये
कुणाचं तरी गुपित
रिकाम्या डब्याशेजारी पिशवीत घालून
मी घरी आणायची.
वाईट याचं वाटायचं
की ते सुंदर असायचं.
हे कुणाजवळ बोलले नाही.

निवृत्त झाले त्या वर्षी
बंद पडणाऱ्या एका शाळेच्या लिलावात
पंधरा पौंडांना मायक्रोस्कोप मिळाला,
आरसा तडकलेला.
आता काप काढते ते कुणाचेच नाहीत.
डोंगरावरच्या नेच्याचा देठ आडवा चिरला
तर आत एक अख्खं झाड उभं.
अंगणातल्या खाजऱ्या पाल्यावर
काचेच्या सुया, टोकाशी गाठ मारल्यासारख्या.
जे दिसेल ते जाड कापडावर शिवते.
लोकर बूथरॉयड देतो; गिरणीत तो मागांचा मिस्त्री होता,
गिरणी गेली, उरलेसुरले गुंडे त्याच्या माळ्यावर.
एकदा ती लोकरच काचेखाली ठेवली.
तिलाही खवले.
म्हणजे मी इतके दिवस मासोळीने टाके घालत होते.

नोव्हेंबरात गावच्या वाचनालयात सात तुकडे लावले.
एक बाई ओला रेनकोट न काढताच
तिसऱ्यापुढे उभी राहिली.
जांभळ्या विटा, प्रत्येकीत एकेक गुलाबी ठिपका.
बराच वेळाने, माझ्याकडे न बघता, विचारलं,
हा कुठला आजार?
म्हटलं, काही नाही हो. कांदा आहे.
तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला.
एकतीस वर्षांत असा अहवाल
मी स्वतःच्या तोंडाने कुणाला दिला नव्हता.

इथल्या माणसांना चंद्र ओढणारे म्हणतात.
चोरटी दारू म्हणे कालव्यात दडवली होती,
रात्री दाताळ्यांनी बाहेर ओढताना शिपाई आले,
तेव्हा हे म्हणाले, साहेब, चंद्र पाण्यात पडलाय,
तोच काढतोय.
शिपाई हसले, खुळे समजून निघून गेले.
ही गोष्ट बूथरॉयड दर हिवाळ्यात सांगतो
आणि दर हिवाळ्यात दारूची पिंपं वाढतात.

काल मी त्याच कालव्याचं पाणी
मुरंब्याच्या बरणीत भरून आणलं.
एक थेंब. शंभर पट.
गाळ, गाळ, कुणाचा तरी तुटका पाय,
आणि मग, एकटीच, हिरवीगार,
दोन्ही टोकांना निमुळती
एक पेशी.
चंद्रकोर.
टोकांशी बारीक कण थरथरत होते,
जणू कुणी आत्ताच हात काढून घेतलाय.

भिंतीवर थाप मारून बूथरॉयडला बोलावलं.
ब्याऐंशीचा आहे; टोपी काढली, वाकला,
चुकीचा डोळा मिटला.
काळोख आहे, म्हणाला.
मग म्हणाला, माझीच पापणी दिसतेय.
थांब जरा, म्हटलं. भिंगाला डोळा टेकवू नकोस.
चहा निवला.
हां, म्हणाला. सापडला.
काय?
चंद्रच की. हा काय, वाकडा, बारीक, टोकदार.

आता पापणीचा केसही
वाकडा, बारीक, टोकदार.
मी रंग विचारला नाही.
तो घरी गेल्यावर सुईत हिरवी लोकर ओवली,
आणि दुसऱ्या सुईत, असू दे म्हणून,
काळी.